तेरावी फेरी

"आजोबा आज असते, तर चौथ्या फेरीतच झोपवलं असतं मी त्यांना!" माझा नातू म्हणाला. दोघेही आपापल्या काळचे हेवीवेट चॅम्पियन. बॉक्सिंग क्लबच्या भिंतीवरचा आजोबांचा फोटो उतरवून स्वतःचा लावायला तो स्टुलावर चढला होता.

"मेलेल्याला झोपवायला कसली अक्कल लागते रे? त्यांच्याइतक्या फेऱ्या ठोशांच्या पिशवीवर खेळून दाखव, मग लाव," मी म्हटलं.

मी घंटेपाशी बसले. पठ्ठ्यानं पिशवी फोडून काढली. बारावी फेरी संपली तसा धापा टाकत स्टुलावर बसला आणि सवयीनं हातमोजे सोडायला लागला.

"राहू देत, राजा. तुमची लढत बारा फेऱ्यांची, त्यांच्या वेळी पंधरा फेऱ्यांची असायची."

मी तेरावीची घंटा वाजवली. त्याच्यानं स्टूल काही सोडवेना.

फोटो अजून तिथंच आहे.