तिळाच्या तेलातली काडतुसं

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी केदारखेड्याच्या पारावर कित्येकदा छाती ठोकून म्हणलेलं हाय. आधी बाप पोलीस पाटील, मंग मी. समोरून येणाऱ्याच्या चालीवरून त्याची नियत सांगतो, असा माझा दावा व्हता. काकासाहेब पाटलाचा हा दावा कुठं जाऊन आपटला, ते आज माझ्याच तोंडानं सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात गावातलं सरकारी धान्याचं गोदाम फुटलं. पहाटं गावातला कचरू ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन जाताना मी माझ्या डोळ्यानं पाह्यला अन् कोर्टात तसंच सांगितलं. त्याला तीन वर्षांची सजा लागली. निकाल ऐकून तो ना रडला, ना त्यानं शिव्या दिल्या. पोलिसांमधून मान वळवून एवढंच म्हणला, "सुटलो की भेटायला येतो, पाटील."

शिव्या दिल्या असत्या तर मी निवांत झोपलो असतो. भुंकणारं कुत्रं चावत न्हाई. पण हे थंड बोलणं तीन वर्षं माझ्या कानात बसलं. माझी बायको द्वारकाबाई म्हणायची की कचरू तसला माणूस न्हाई, लेकरं उपाशी व्हती म्हणून त्यानं हात घातला. मी तिला म्हणायचो, तू तुझी चूल पाहा.

पंच्याहत्तरच्या दिवाळीनंतर तो सुटणार, असं कळलं. मी पावसाळ्यातच लायसन काढलं अन् एका रिटायर फौजदाराचं रिव्हॉल्व्हर घेतलं. काडतुसांसाठी जालन्याला भालचंद्ररावाच्या दुकानात गेलो. हा माणूस फौजेत बंदुका दुरुस्त करायचा, आता लायसनवाल्यांना माल विकायचा. त्यानं दोन डबे पुढं ठेवले. एक देशी, नवा कोरा. दुसरा विलायती, पंधरा-वीस वर्षं जुना, कागद पिवळा पडलेला. म्हणला, काडतूस धान्यासारखं असतं, ताजं तेवढं चांगलं, देशी घ्या.

झालं. माझ्या डोक्यात किडा वळवळला. दुकानदार एवढ्या जल्दीनं एक डबा माझ्याकडं का सरकवून राह्यला? नक्कीच खपत नसणार. अन् चांगला माल कोणत्या तरी बड्या माणसासाठी दाबून ठेवला असणार. मी विलायती डब्यावर बोट ठेवलं. त्यानं खांदे उडवले, लायसनवर शिक्का मारला अन् निघताना एक गोष्ट दोनदा सांगितली: काडतुसं कोरडी ठेवा, बिलकुल तेल लावू नका, रिव्हॉल्व्हरला लावलं तरी काडतुसं घालायच्या आधी कोरडं पुसा.

घरी येऊन मळ्यातल्या बाभळीवर एक उडवून पाह्यलं. असं वाजलं की बैलानं दावं तोडलं. मी खुश. भालचंद्ररावाची लबाडी पकडली, असं चार जणांना सांगितलंबी.

मंग नवरात्र आलं. आमच्या घरात घटाबरोबर हत्यारं बसतात. बाप तरवारीला, भाल्याला तिळाच्या तेलानं न्हाऊ घालायचा, खंडेनवमीला हळदीकुंकू लावून पुजायचा. तेल प्यालेलं लोखंड वैऱ्याला भेव घालतं, असं म्हणायचा. मी रिव्हॉल्व्हर पाटावर मांडलं अन् काडतुसं हातात घेऊन विचार करत बसलो. तेल लावू नका, असं हा बाबा दोनदा का म्हणला? तेलाशिवाय लोखंड गंजतं, हे शेंबडं पोरगंबी सांगंल. म्हणजे काडतुसं गंजावीत, अन् मी पुन्हा त्याच्याच दारात जावं, अशीच त्याची युक्ती! मी पितळी वाटीत तिळाचं तेल भरलं अन् सहा काडतुसं त्यात बुडवली, बाकीची डब्यातच राह्यली. नऊ दिवस ती देव्हाऱ्यापुढं तेलात व्हती. नवमीला पुसली, कुंकू लावलं, रिव्हॉल्व्हरमध्ये भरली. द्वारकाबाई म्हणली, बरी चकाकतात. मी म्हणलं, चकाकणारच.

दिवाळी झाली. कचरू सुटून आल्याचं गावात कळलं. एक दिवस गेला, दोन गेले, तो आला न्हाई. यायचंच व्हतं तर लगेच का आला न्हाई? दबा धरून बसला असंल. मी ओसरीवर बसायचो, उशीखाली रिव्हॉल्व्हर. वाटेनं कोणी खाकरलं तरी हात उशीखाली जायचा. जेवण गोड लागंना. द्वारकाबाई दोन-तीनदा काही सांगायला आली, मी तिलाबी झटकून लावली.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला तो आला. द्वारकाबाई मागं गोठ्यात धार काढत व्हती. कचरू घोंगडी पांघरून आल्ता, अन् घोंगडीखाली काखेत काहीतरी लांब, गुंडाळलेलं. चाल हळू, नजर जमिनीला. माझ्या हिशोबानं ही खुन्याची चाल व्हती. मी वरडलो, तिथंच थांब. तो थांबला. मी म्हणलं, काखेत काय हाय? तो "पाटील," म्हणला अन् त्याचा हात घोंगडीत गेला.

मी घोडा दाबला.

टक् झालं. पुन्हा दाबला. टक्. तिसऱ्यांदाबी टक्.

आम्ही दोघं दहा पावलांवर उभे. त्याला सगळं कळलं व्हतं. तो पळाला न्हाई, अंगावर आला न्हाई. त्यानं काखेतली वळकटी हळूच काढली अन् ओसरीच्या कडंला ठेवली. सतरंजी व्हती. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची.

"जेलात विणली. वैनींना द्या," तो म्हणला. "तीन वर्षं माझ्या लेकरांना भाकर त्यांनी घातली. सोनूबाईनं भेटीत सांगितलं व्हतं."

सोनूबाई म्हणजे त्याची बायको. मी द्वारकाबाईला झटकून लावत व्हतो, तेव्हा ती मला हेच सांगायला येत व्हती. कचरूनं रामराम घातला अन् आला तसा गेला. माझ्या हातातलं रिव्हॉल्व्हर मला खाली ठेवता येईना.

मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई. दुसऱ्या दिवशी मी डबा अन् रिव्हॉल्व्हर घेऊन जालन्याला गेलो अन् भालचंद्ररावावर तुटून पडलो, की माल खोटा विकलास. रिव्हॉल्व्हरमधलं एक काडतूस चिमट्यात धरून त्यानं गोळी उपसली, आतली दारू कागदावर ओतली. ती सुटी पडलीच न्हाई, चिकट गोळा झाल्ती. कागद त्यानं माझ्या नाकापाशी धरला. आमच्या देव्हाऱ्याचा वास आला.

"तेल लावू नका म्हणलं व्हतं, पाटील," तो म्हणला. मंग हळूच विचारलं, "कोणावर चालवली?"

मी म्हणलं, कोणावर न्हाई.

त्यानं मी नेलेल्या डब्यातलं एक कोरडं काडतूस घेतलं, माझ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं अन् परसात नेऊन लाकडाच्या ओंडक्यात उडवलं. माझ्या मालात खोट न्हाई, एवढंच त्याला दाखवायचं व्हतं. धाड् झालं. ओंडक्यात बोट जाईल एवढं भोक पडलं, मागून ढलपी निघाली. ओंडका माझ्यापासून दहाच पावलांवर व्हता. मी परसातल्या हौदाच्या काठावर बसलो. भालचंद्रराव पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, पाटलाला आवाज सोसला न्हाई.

रिव्हॉल्व्हर अन् लायसन मी त्याच महिन्यात सरकारजमा केलं. लोकांनी विचारलं, मी म्हणलं, आता गरज न्हाई.

कचरूनं आजतागायत कोणाला एक शब्द सांगितला न्हाई. मी वर्षभर वाट पाह्यली, आज सांगंल, उद्या सांगंल. ना गावाला सांगितलं, ना सोनूबाईला, ना माझ्या बायकोला. वाटेत भेटला की रामराम घालतो. मी पुढं गेल्यावर मागं वळून पाहतो, तर तो आपल्या कामाला लागलेला असतो.

द्वारकाबाईला सतरंजीचं भारी कौतुक. पाहुणा आला की ओसरीवर तीच अंथरते, अन् कचरूनं विणली म्हणून सांगते. मी शेजारी भुईवर बसतो. ती दर वेळी म्हणते, अहो, एवढी चांगली सतरंजी असताना भुईवर का बसता? मी म्हणतो, भुई गार लागते.