तोलाराचं वजन

सदरा काढून खुंटीला लावला, तरी काट्यावरचा आकडा साठाच्या वरच होता. गुरुसिद्धप्पाने डावा तळहात हळूच भिंतीला टेकवला आणि जोर दिला. आकडा अठ्ठावन्नावर उतरला, तसा तो श्वास रोखून उभा राहिला. वजन आपोआप मोबाइलवर गेले आणि तिथून धाराशिवच्या दवाखान्यात.

त्याचे हृदय थकले होते. अंगात पाणी साठले की वजन वाढते, म्हणून दवाखान्याने हा काटा आणि दंडाला बांधायचा प्रेशरचा पट्टा घरी दिला होता. वजन दोन किलोने वाढले की सिस्टर दैवशालाचा फोन येणार आणि पाठोपाठ भरती, हे ठरलेले. नळदुर्गच्या अडतीत चाळीस वर्षे तोलारकी केलेल्या, धान्याची पोती तोललेल्या माणसाला वजन उतरवायचे कोणी शिकवायला हवे? परवा फेटा उतरला, काल सदरा, आज भिंतीची पाळी आली. उभ्या आयुष्यात वजन मारायला शेतकऱ्याच्या पोत्याला त्याने बोट लावले नव्हते. आता स्वतःचेच वजन चोरतोय, हे त्याला आतून खात होते.

पण गुरुवारी बायकोचे, नागूबाईचे, मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. त्याच्या भरतीपायी तिची तारीख दोनदा हुकली होती. चुलीवरची भाकरी करपली की तिला वासानेच कळायचे. एवढे तीन दिवस कसेतरी काढायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते.

थोड्या वेळाने दैवशालाचा फोन आला. तिने कौतुकच केले. इतके नेमाने वजन सांभाळणारा दुसरा पेशंट नाही, बाकीच्यांनाही ती त्याचेच नाव सांगते म्हणे. वजन वाढत नाही म्हणून आता डॉक्टर अंगातले पाणी काढायची गोळी निम्मी करणार होते.

गुरुसिद्धप्पा खाटेवर बसला. धापेने शब्द तुटत होते.

"सिस्टर, गोळी कमी करू नका. म्या काटा मारलाय."

मग तिने खरे वजन विचारले. त्याने सदरा घातला, फेटा बांधला आणि हात मोकळे सोडून काट्यावर उभा राहिला. एकसष्ट. गाडी पाठवते, आजच भरती व्हावे लागेल, असे सांगून तिने फोन ठेवला.

चुलीपाशी बसलेल्या नागूबाईने सगळे ऐकले होते. ती चाचपडत आली, त्याच्या पायात चप्पल घालू लागली. पाय चपलेत जाईना.

"मला ठावं हुतं," ती खालच्या मानेने म्हणाली. "परवा पाय चेपताना बोट रुतलं, खड्डा तसाच ऱ्हायला. पर म्या बोलले न्हाय. मला बी येकदा तुमचं त्वांड नीट बगायचं हुतं."

दोघे उंबऱ्यावर बसून राहिले, त्याचा सुजलेला पाय तिच्या मांडीवर. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा भोंगा वाजला, तरी तिने त्याचा पाय मांडीवरून खाली ठेवला नाही.