एका अंगाने घासलेली सुरी

मी पट्ट्याचा ग्राइंडर बोलतोय. बेंगळुरूत ग्राइंडर म्हटलं की लोकांना इडलीचं पीठ आठवतं. मी तो नव्हे. माझ्या चाकांवरून खरखरीत पट्टा फिरतो आणि त्यावर पोलाद घासून सुऱ्या घडवतात.

बसवंत नावाच्या कारागिराने मला जोडलं, तेव्हा उमाकांतराव शेजारी स्टूल टाकून बसले होते. सरकारी कारखान्यात त्यांनी आयुष्यभर यंत्रांची ड्रॉइंग्ज काढली, पण स्वतःच्या हाताने कधी काही घडवलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांना एकच सुरी करायची होती, बायकोसाठी. हेमलताबाईंना गुडघ्यांमुळे विळीवर बसवत नव्हतं, आणि बाजारातल्या सुऱ्या त्यांच्या सुजलेल्या बोटांतून निसटायच्या.

पण ग्राइंडर कुठला घ्यावा, यातच उमाकांतरावांची दोनेक वर्षं गेली. दगडी चाकाचा कुठेही मिळतो, पण तो पोलाद इतकं तापवतो की पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. सुतारकामाचा पट्ट्याचा लहान ग्राइंडर पाहिला, तर त्याचा वेगच कमी होईना. एकाचं चाक डगमगायचं. एकाच्या आवाजाने गल्ली जागी झाली असती.

"अहो, घ्या की कुठलातरी," हेमलताबाई म्हणायच्या. "चुकला तर चुकला."

"चुकीचं यंत्र आणून कसं चालेल? आणि घाई कसली आहे?"

शेवटी त्यांनी मला निवडलं. माझा वेग हवा तितका कमी करता येतो. "अण्णा, स्वल्प हळूच चालवा," बसवंतने निघताना सांगितलं. जयनगरच्या घरातल्या गॅरेजात मला जागा मिळाली.

आधी त्यांनी भंगारातल्या लोखंडी पट्ट्यांवर सराव केला. मग खरं पातं हातात घेतलं. त्याचं एक अंग इतकं नितळ उतरलं, की हेमलताबाईंना हाक मारून ते म्हणाले, "बघ, तुझा चेहरा दिसतोय यात!" त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

दुसऱ्या अंगाला हात घातला आणि पातं थरथरू लागलं. मला वाटलं, माझंच चाक सैल झालंय. त्यांनाही तसंच वाटलं. त्यांनी माझा एकेक नट आवळला. पण थरथर त्यांच्या उजव्या हातात होती.

एका दुपारी पट्ट्याने पातं हिसकावलं. कॉफी घेऊन आलेल्या हेमलताबाईंच्या खांद्याजवळून ते भिंतीवर जाऊन आदळलं. कप फुटला. उमाकांतराव स्वतःच्या हाताकडे परक्यासारखे पाहत राहिले.

डॉक्टर म्हणाले, कंपवात. सर्जापूर रोडवर राहणारी त्यांची मुलगी प्रांजली धावत आली आणि तिने माझा प्लग काढला. "बाबा, आता पुरे."

पुढे कितीतरी दिवस ते नुसतेच येऊन माझ्यासमोर बसायचे. एकदा हेमलताबाई त्यांच्या पाठोपाठ आल्या. त्यांनी प्लग लावला आणि मागे उभं राहून त्यांची दोन्ही मनगटं आपल्या सुजलेल्या बोटांनी घट्ट धरली.

"चला. दोघं मिळून करू."

मी शक्य तितका हळू फिरलो. क्षणभर पातं सरळ चाललं. मग उमाकांतरावांचा हात उडाला, हेमलताबाईंची पकड सुटली, आणि धारेला मोठी खाच पडली. उमाकांतरावांनी मला बंद केलं.

"निवडत बसलो गं मी," ते म्हणाले. "हात होते तेव्हा निवडत बसलो."

हेमलताबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिथे खोटं बोलून तरी काय उपयोग होता?

आज मला विकत घेऊन न्यायला अभिमन्यू नावाचा तरुण आला होता. हात खिशात घालून उमाकांतरावांनी त्याला माझे सगळे गुण समजावले.

"काका, तुम्ही काय काय बनवलंत यावर?" त्याने उत्साहाने विचारलं.

उमाकांतराव माझ्या पट्ट्याकडे बघू लागले.

"माझी सुरी," हेमलताबाई म्हणाल्या. "रोज तिनेच चिरते मी." खाच पडलेलं ते पातं तर गॅरेजातच पडून होतं.

उमाकांतरावांनी मान फिरवली आणि ते घरात निघून गेले.

आता मी टेम्पोत आहे. अभिमन्यू, तुझे हात धडधाकट आहेत. माझी पारख तू नंतर कर, पण आज घरी पोचताच मला सुरू कर. ज्याने मला इतकं पारखून घेतलं, त्याच्या मी काहीच कामी आलो नाही.