मागे वळून पाहणारा हंस

सकाळी सात वाजून वीस मिनिटं. पाचगणीत एका विकल्या गेलेल्या बंगल्याचं सामान विक्रीसाठी हिरवळीवर मांडून झालं होतं.

मार्गशीर्षाचं ऊन, कोवळं, केशरकांती. सिल्व्हर ओकच्या पानापानांवर रुपेरी, दवाच्या थेंबाथेंबात सोनेरी. खुर्च्या-आरसे-कंदिलांच्या गर्दीत मात्र एकाच ठिकाणी निळं.

ते निळं उषःप्रभा तेंडोलकरांनी फाटकातूनच पाहिलं. साताऱ्याच्या या निवृत्त शिक्षिकेला अकरा वर्षांपूर्वी एक फुलदाणी मिळाली होती. मुंबईच्या कलाशाळेच्या भट्टीत, राणीच्या राज्यात भाजलेली, मयूरकंठी झिलईची. पोटाभोवती राजहंसांची रांग, खाली वेलीची नक्षी. शेवटचा हंस मान वळवून मागे पाहणारा. मागे कोणी नाही. अशा फुलदाण्या कधी कधी जोडीनं घडत. अकरा हिवाळे बाई त्या हंसाची नजर जिथे जाते तिथे काय आहे, ते शोधत होत्या.

हव्या वस्तूकडे पाहायचं नाही, नाहीतर भाव चढतो, हा संग्राहकांचा रिवाज. बाई एका कंदिलापाशी थांबल्या. काच पाहिली, वात पाहिली.

"बाई," विक्री सांभाळणारे बंगल्याचे माळी रखमाजी गोळे म्हणाले, "भाव कंदिलाचा इचारताय, अन् डोळं माज्या कुंडीवर."

"कुंडी?"

"फर्नची. पाणी तुंबायचं, म्हनून बुडाला भोक पाडलं मीच. लई जपून."

बाई कंदील सोडून कुंडीपाशी धावल्या. कारागिराची खूण बुडावरच असते.

रखमाजींनी फर्न मुळांसकट अलगद उचलून पत्र्याच्या डब्यात ठेवला. नळाखाली माती सुटत गेली. काळ्यातून तपकिरी, तपकिरीतून हिरवं, हिरव्यातून निळं, निळंनिळं. मग चोच, मान, पंख. हंसांची रांग. पहिला हंस चोच उघडून हाक मारणारा. पुढे कोणी नाही.

बाईंनी टिचकी मारली. फुलदाणी खणखणली, तडा नव्हता. त्यांनी ती उलटी केली. घरच्या फुलदाणीच्या बुडावर अख्खं कमळ, खाली आकडा. इथे कमळ अर्धं, आकडा भोकात गेलेला.

"चुकलं का माजं?"

"आकडा गेला, गोळे. माझ्या घरी हिची जोड असावी, आकड्यावरून कळलं असतं."

"मग जोडीचीच हाय, कसं कळायचं?"

"शेजारी ठेवून. वेलीला वेल जुळली, तर."

"कळलं की सांगा. अन् कंदीलबी न्या, इतका येळ बघितलाय त्याला."

सव्वादहाला एसटी पसरणीच्या घाटात होती. बाईंच्या पायाशी कंदील, मांडीवर पदरात अर्धी गुंडाळलेली फुलदाणी. भोकातून उरलेलं पाणी थेंबथेंब ठिबकत होतं, साडीवर मातीचा ओला डाग पसरत होता. वळणावळणावर ऊन आत येई, वळणावळणावर हंस उजळे. चोच उघडी, हाक पुढे.

सातारा अजून तासभर दूर होता. तिथे काचेच्या कपाटात दुसरा हंस, मान वळवून, उभा होता.