आपटलेल्या दुर्बिणीचं धुकं

मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र-तारे दाखवणारी नव्हे हं, मित्रांनो. मी शिकारीच्या बंदुकीवर बसणारी. माझ्यातून पाहून माणूस जे ठरवतो, ते परत फिरवता येत नाही. म्हणून जन्मापासून माझा जीव टांगणीलाच लागलेला आहे.

कारखान्यात माझ्या पोटातली दमट हवा काढून कोरडा वायू भरला आणि रबरी कड्या लावून मला घट्ट बंद केलं. ह्यातली एक जरी कडी फुटली तर संपलंच सगळं. आत ओल शिरते, आणि उबेतून गारठ्यात नेलं की भिंगांवर आतून धुकं धरतं. बाहेरचं धुकं रुमालाने पुसता येतं. आतलं कोण पुसणार?

फिनलंडच्या काइनू भागात, एका दुकानात तैस्तो नावाच्या शिकाऱ्याने मला निवडलं. दुकानदार त्याला माझ्या शेजारची लांबलचक, झगमगीत दुर्बीण दाखवत होता. "ही घ्या. लांबचा मूस अंगणात आल्यासारखा दिसेल!"

"अंगणात आलेला मूस मला दुर्बिणीशिवायही दिसतो," तैस्तो म्हणाला. मूस म्हणजे तिकडचं भलंथोरलं हरीण.

त्याने मला दुकानाच्या मागच्या दारात नेलं आणि तिन्हीसांजेला काळ्याभोर झाडांकडे रोखलं. फांद्या वेगवेगळ्या दिसल्या तेव्हा कुठे तो हसला. पण खरी परीक्षा पुढेच होती. शनिवारी घरचा सॉना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, तापला. तैस्तोने मला तिच्या बाहेरच्या खोलीत वाफेच्या उबेत ठेवलं आणि मग एकदम अंगणातल्या गारठ्यात नेलं. मला एकच धास्ती! कुठे चुकून धुकं धरलं तर? पण माझं पोट स्वच्छ राहिलं. "पास!" तो म्हणाला, आणि मी त्याची झाले.

त्याने मला फार जपलं. बंदूक कधी उबदार स्वयंपाकघरात आणली नाही; ती थंड पडवीतल्या कुलपाच्या कपाटातच राहायची. शिकारीच्या टोळीचा म्होरक्या ओन्नी जाळाजवळ कॉफी पिताना म्हणायचा, "तैस्तो एक वेळ थापा मारेल, पण त्याची दुर्बीण मारणार नाही." मी मनात फुलून जायचे.

मग एका वर्षी तैस्तोने गुडघेदुखीचं निमित्त सांगून बंदूक मुलीच्या हाती दिली. मार्केत्ता दवाखान्यात नर्स होती. हात स्थिर आणि स्वभाव काळजीखोर, अगदी माझ्यासारखा. शरद ऋतू सुरू झाला नि एकदा गाडीतून बंदूक काढताना ओल्या फळीवर तिचा पाय घसरला. मी धाडकन दगडावर आपटले. आत काहीतरी बारीकसं तडकलं. मला कळलं, कडी गेली.

मार्केत्ताने निशाण्यावर गोळ्या झाडून पाहिल्या. नेम जिथल्या तिथे होता. तरी तिला चैन पडेना. "बाबा, आपटली हो जोरात. नवीन घेऊ या का?"

"नवीन? आधी माझी परीक्षा होऊ दे!" तैस्तो गुरगुरला.

पुन्हा शनिवार, पुन्हा तीच ऊब, तोच गारठा. ह्या खेपेला माझ्या भिंगांवर आतून पांढुरकं धुकं चढलं. मार्केत्ता अजून आत वाफ घेत होती. तैस्तोने मला डोळ्याला लावलं. मग काढलं, डोळा चोळला. फाटकावरच्या दिव्याकडे नुसत्या डोळ्याने पाहिलं. त्याला तो दिवाही धुक्यातच दिसत होता.

आणि मग माझ्या ध्यानात आलं. गुडघे दुखत नव्हते हो ह्याचे! ह्याचे डोळेच गेले होते, आणि हा पठ्ठ्या ते कुणालाच सांगत नव्हता. माझं धुकं त्याला स्वतःचंच वाटलं. अरे तैस्तो, हे माझं आहे रे, तुझं नव्हे! पण मी ओरडणार कशाने?

"ठणठणीत आहे," तो दाराकडे तोंड करून म्हणाला.

"नीट दिसलं ना?"

"मला विचारतेस? तुझ्या जन्माआधीपासून बघतोय मी ह्यातून!"

शिकारीच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मार्केत्ता गाडीच्या उबेतून उतरून थेट आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. माझं पोट धुक्याने भरून येऊ लागलं. तेवढ्यात ओन्नीच्या कुत्र्याने भुंकून भुंकून एक मूस मोकळ्या पट्ट्यात आणला. घोड्याहून उंच मादी! इथल्या शिकाऱ्यांचा नियम कडक: सोबत पिल्लू असेल तर आईला हात लावायचा नाही, कारण आईवाचून ते हिवाळा काढत नाही. मार्केत्ताने नेम धरला. माझ्यात एकच तपकिरी डाग दिसत होता. एकटी होती का ती? मलाच कळेना, तर तिला काय कळणार! मार्केत्ता, नको गं, थांब!

तिने अंगठ्याने भिंग पुसलं. पुन्हा पुसलं.

"मार की!" कानातल्या यंत्रात ओन्नी ओरडला. "कशाची वाट बघतेस?"

मार्केत्ताने बंदूक खाली केली. मादी झाडीत शिरली, आणि तिच्या पलीकडच्या अंगाने काटकुळ्या पायांचं पिल्लू तिच्यामागे पळालं.

पिल्लू ओन्नीला दिसलंच नव्हतं. जाळाजवळ तो तिला सोडेना. "काय गं, मूसशी गप्पा मारत होतीस?" ती कॉफीचा कप विसळायला उठली. घरी आल्यावर मात्र बापासमोर तिचे डोळे भरले. "बाबा, पुसत होते, पण धुकं जाईचना. बोट दाबलं असतं तर?"

तैस्तो खुर्चीत खचला. "मला दिसलं होतं गं ते धुकं," तो हळूच म्हणाला. "वाटलं, माझंच आहे."

मार्केत्ता रागावली नाही. पुढच्या शनिवारी तिने दुकानातून तीन नव्या दुर्बिणी आणल्या आणि तिन्ही सॉनाच्या उबेतून अंगणात नेल्या. ह्या वेळी डोळा तिचा होता. एक नापास झाली. उरलेल्या दोघींपैकी तिन्हीसांजेला फांद्या नीट दाखवणारी तिने निवडली. मग ती बापाकडे वळली. "आता तुमची परीक्षा."

"मला काय वाफेत घालतेस?"

"डॉक्टरकडे नेतेय. मुकाट्याने चला."

मोतीबिंदू निघाला, शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर तैस्तोने सगळ्यांत आधी मला उचललं, गारठ्यात नेऊन डोळ्याला लावलं आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. "मार्केत्ता!" तो ओरडला. "इकडे ये, बघ, किती स्वच्छ दिसतंय हिचं धुकं!"

त्याने मला फेकलं नाही. आता मी खिडकीत असते. मित्रांनो, आम्हाला आपटू नका. आणि आपटलोच, तर आमच्या जुन्या कौतुकावर विसंबू नका. चांगल्या नजरेच्या माणसाला आमच्यातून एकदा बघायला सांगा. एवढं ऐका माझं.