धर्मबापाचा चमचा

"आत्ता गेलास तर फसलास," केइयो म्हणाला आणि त्याने कपात पुन्हा कॉफी ओतून घेतली. "एकतीस डिसेंबरच्या आत चर्चमध्ये परत नाव घातलंस, की पुढच्या अख्ख्या वर्षाचा चर्चचा कर पगारातून कापलाच म्हणून समज. दोन जानेवारीला जा. देव तोच, पाद्रीण तीच, आणि वर्षभर फुकट!"

आउलिस समोरच्या दालचिनीच्या पावाचे तुकडे करत बसला.

आमच्या गावच्या स्केटिंगच्या हॉलमागे कामगारांची एक खोली आहे. वर्षभर तिथे हॉकीच्या गप्पा चालतात आणि डिसेंबर लागला की केइयोचा दरबार भरतो. केइयो हॉलची थंडाव्याची यंत्रं सांभाळतो, पण त्याचा खरा जीव करात. खिडक्या बदलल्यात? मग सुताराचे पैसे एकतीसच्या आत दे, मजुरीवर सूट आहे. कामाला गाडीने येतोस? लांबून ये, म्हणजे जास्त सूट. टॅक्स ऑफिसातला माणूससुद्धा एवढ्या उत्साहाने बोलत नसेल. लोक हसतात, पण कान टवकारून ऐकतात, कारण नव्या वर्षाचं करकार्ड, म्हणजे पगारातून किती कर कापायचा तो कागद, ज्याच्या त्याच्या हातात नुकतंच पडलेलं असतं.

आउलिस हॉलमधला बर्फ सपाट करायची गाडी चालवतो. पोरांनी खरवडून ठेवलेल्या बर्फावरून तो हळूहळू फिरतो आणि मागे आरशासारखा बर्फ सोडत जातो. मागच्या डिसेंबरात केइयोने त्याला समोर बसवून विचारलं होतं, "घराचं कर्ज?"

"भाड्याने राहतो."

"बायको? पोरं? प्रवास?"

"रस्ता ओलांडला की घर."

"अरे, मग सूट तरी कशावर मागायची तुझ्यासाठी? तू म्हणजे सरकारचा लाडका!" खोलीत हशा पिकला. मग केइयोला एकदम सुचलं. "चर्चला कधी जातोस?"

"नाताळला."

"म्हणजे दोन गाणी ऐकायची आणि सभासद म्हणून वर्षभर चर्चचा कर भरायचा! नाव काढून टाक. तेवढ्या पैशांत गाडीला बर्फावर चालायचे खिळ्यांचे नवे टायर येतील."

आउलिसकडे गाडीच नव्हती, पण ते त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. केइयोने फोनवर चर्चमधून नाव काढायचं पान उघडून दिलं, आउलिसने नाव-गाव टाकलं आणि कॉफी निवायच्या आत तो चर्चमधून बाहेर पडला. देवाशी त्याचं काही भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान सांगायला तोंड तरी राहिलं असतं. सगळे हसत होते, आपणही त्यांच्यातलेच आहोत असं वाटत होतं, म्हणून झालं ते. वाचलेल्या पैशांचं पुढे काय झालं, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

वर्ष सरत आलं. नोव्हेंबरात हिल्लाला मुलगा झाला.

हिल्ला म्हणजे आउलिसच्या थोरल्या भावाची, ताउनोची मुलगी. ताउनो गेला तेव्हा ती शाळेत होती. आईला रात्रपाळी असायची, त्यामुळे हिल्लाच्या संध्याकाळी हॉलमध्येच जायच्या. सगळे घरी गेले की आउलिस शेवटचा बर्फ करायचा आणि म्हणायचा, "जा, पहिली रेघ तुझी." त्या कोऱ्या बर्फावर ती एकटी गोल गोल फिरायची आणि तो गाडीवर बसून बघत राहायचा. तिच्या बाप्तिस्म्यात तिला हातावर धरणारा धर्मबाप तोच होता, आणि रीतीप्रमाणे चांदीचा चमचाही त्यानेच दिला होता.

दवाखान्यातून घरी आल्या आल्या तिने त्याला बोलावून घेतलं. "काका, माझा धर्मबाप तू, ह्याचाही तूच. सहा जानेवारीच्या सुट्टीला बाप्तिस्मा करतोय, घरीच. आणि इकडे ये, कान दे."

आमच्याकडे बाप्तिस्म्यापर्यंत बाळाचं नाव कुणाला सांगत नाहीत. आजीने हातापाया पडून विचारलं तरी नाही. तोवर ते नुसतं 'पोरगं' असतं. पण हिल्लाने काकाच्या कानात नाव सांगितलं.

"चमच्यावर कोरायला लागेल ना? मला, ओस्सीला आणि तुला, तिघांनाच माहीत आहे हं. कुठे बोललास तर बघ!"

ओस्सी तिचा नवरा, केइयोचा भाचा. तो दारात उभा राहून हसत होता. आउलिसने नुसती मान हलवली. बोलायला गेला असता तर रडू फुटलं असतं.

धर्मबाप व्हायचं तर माणूस चर्चचा सभासद हवा, हे त्याला माहीत नव्हतं थोडंच! त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण त्या पाळण्यापाशी, ते नाव कानात घुमत असताना, 'टायरांसाठी मी चर्च सोडलं' हे सांगायला जीभ उचलेना. जाऊन नाव घालून येऊ, कुणाला कळायचंही नाही, असं त्याने मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याकडे चमचा कोरायला टाकला. चर्चच्या कार्यालयात मात्र गेला नाही. आधी कामावर स्पर्धा होत्या, मग नाताळ, आणि मग केइयोने ती दोन तारीख त्याच्या डोक्यात भरवली. आपण हे करतोय ते बरं नाही, हे त्याला पक्कं कळत होतं. बर्फावरून गाडी फिरवताना ते दर फेरीला आठवायचं. पण बाप्तिस्मा सहाला, नाव घालायचं दोनला, कुणाचं काही बिघडत नाही, असा हिशेबही दर फेरीला बरोबर जुळायचा.

तीस तारखेला दुपारी हिल्ला बाबागाडी ढकलत हॉलवर आली. आउलिस कामगारांच्या खोलीत एकटाच होता. तिने टोपी काढली नाही. चोराच्या मनात चांदणं. तिचा चेहरा बघूनच तो उभा राहिला.

"काका, चर्चमधून फोन आला होता. धर्मबापांची नावं तपासत होते." ती खुर्चीच्या कडेला टेकली. "तिथल्या बाई म्हणाल्या, तुझं नाव नाही. मी म्हटलं, तुमचंच काहीतरी चुकलंय."

"त्यांचं नाही चुकलं."

"कधी सोडलंस?"

"मागच्या डिसेंबरात."

"म्हणजे तुझा विश्वास नाही राहिला?" तिने अगदी हळू विचारलं. "तसं असेल तर मी समजू शकते रे. खरंच. तसं आहे का?"

'हो' एवढं म्हटलं असतं तरी तो सुटला असता. केवढा सोपा दरवाजा तिने उघडून दिला होता! पण ह्या पोरीशी तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता.

"करासाठी," तो म्हणाला.

हिल्लाने बाबागाडीवरचं पांघरूण उगीच सारखं केलं. "बरं. मग परत नाव घाल. जागच्या जागी सही करून होतं म्हणाल्या त्या."

"घालणारच आहे. दोन तारखेला जातोय."

"दोन तारखेला का? उद्या सकाळी उघडं आहे ना ते?"

आउलिस टेबलावरचे पावाचे कण गोळा करायला लागला. हिल्लाचं स्वतःचं केशकर्तनालय आहे, कराचे हिशेब तीच करते. एकतीस आणि दोन ह्या तारखांमधला फरक तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा लालबुंद झाला, जणू लाज तिलाच वाटत होती.

"म्हणजे पुढच्या वर्षीचाही वाचवायचा होता," ती म्हणाली.

"हिल्ला..."

"राहू दे, काका." ती उठली. "ओस्सी केइयोमामाला विचारतो म्हणालाय. त्यांचं नाव आहे."

"केइयोचं?" आउलिसला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "केइयो चर्चमध्ये आहे?"

"आहे की. त्यांची आई आहे ना अजून. तिला काय वाटेल म्हणून त्यांनी कधी सोडलंच नाही." दारापाशी ती थांबली. "सहाला ये मात्र. नाही आलास तर मला जास्त वाईट वाटेल."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुसऱ्या कुणी जाऊन केइयोची गचांडी धरली असती. आउलिसला त्याचा रागसुद्धा धड आला नाही. केइयोने निदान आईला सांभाळलं, आपल्याला ती एक पोर होती आणि आपण तिला तारखेत तोललं, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं.

एकतीसला सकाळी कार्यालयाचं दार उघडायच्या आधीच तो पायरीवर उभा होता. आतल्या बाईंनी कागद पुढे केला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून त्या जरा घुटमळल्या.

"तुम्हाला घाई नसेल तर परवा या की. पुढच्या वर्षाचा कर लागणार नाही. सगळे तसंच करतात."

"आजच करायचंय," आउलिस म्हणाला.

"बाप्तिस्मा वगैरे आहे का घरात?"

"आहे. पण मी नुसता पाहुणा."

बाईंना काही उमगलं नाही. त्यांनी शिक्का मारला, नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या आणि तो बाहेर पडला. हे त्याने हिल्लाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती विरघळली असती, केइयोला नको म्हणाली असती. आणि मग ते नाव घालणं पुन्हा कशाच्या तरी मोबदल्यातच झालं असतं.

सहा तारखेला थंडी मी म्हणत होती. हिल्लाच्या अंगणात केइयो सूट घालून सिगारेट ओढत उभा होता. आउलिसला बघताच त्याने ती बर्फात खुपसली.

"हे बघ, मी आपणहून मागायला नव्हतो गेलो रे," तो घाईघाईने म्हणाला. "भाच्याने विचारलं, नाही कसं म्हणू? आणि ते चर्चचं... आपलं चेष्टेत चाललं होतं. पान मी उघडून दिलं खरं, पण तू खरंच नाव टाकशील असं वाटलं नव्हतं मला."

"चमचा आणलास?"

"कुठला आणतोय! दुकानं बंद. पाकिटात पैसे घातलेत."

आउलिसने कोटाच्या आतून लांबट डबी काढून त्याच्या हातात ठेवली. "हा दे. पाद्रिणीने नाव घेतल्यावरच दे, आधी उघडू नकोस."

केइयोने डबीकडे पाहिलं, मग आउलिसकडे. त्याने डबी खिशात घातली आणि दोघे आत गेले.

आउलिस भिंतीपाशी, कोटांच्या खुंट्यांजवळ उभा राहिला. केइयोने पोराला हातावर घेतलं. पाद्रिणीने डोक्यावर पाणी घातलं आणि नाव उच्चारलं, "ताउनो."

नवऱ्याचं नाव ऐकून हिल्लाच्या आईने तोंडावर हात धरला. बायकांनी डोळे पुसले, म्हाताऱ्यांनी नाकं शिंकरली. आउलिसने बुटांकडे बघितलं. हे नाव तो सबंध डिसेंबरभर मनाशी बाळगून होता, आज ते सगळ्यांचं झालं.

मग कॉफी झाली, केक कापला गेला आणि केइयोने डबी पुढे केली. चमचा हातोहात फिरला. केइयोची म्हातारी आई चष्म्याजवळ धरून वाचायला लागली, "ताउनो! अगं बाई, नाव कोरलेलंसुद्धा आहे! केइयो, तुला रे कसं माहीत होतं?"

"मला..." केइयो म्हणाला आणि टेबलाखाली काही पडल्यासारखा वाकला.

हिल्लाने म्हातारीच्या हातातून चमचा घेतला. अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग तिने सगळ्यांच्या डोक्यांवरून भिंतीपाशी उभ्या असलेल्या काकाकडे बघितलं. आउलिसने नजर चुकवली नाही. ती चुकवायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं. तिने एक कप भरला, बशीत तो चांदीचा चमचा ठेवला आणि गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी आली.

"काका, कॉफी घे. निवेल."

आउलिसने कप घेतला. आयुष्यभर तो कोरी, बिनसाखरेची कॉफी पीत आला होता, आणि हे तिला लहानपणापासून माहीत होतं. त्याने चमचा उचलला आणि मान खाली घालून कितीतरी वेळ कॉफी ढवळत राहिला.