चोरीचा माल ठरलेली घंटा

"देशातील एकाही शाळेत सैन्याचा मुक्काम नाही, नव्हता आणि असणारही नाही."

मित्रांनो, हे वाक्य माझे नव्हे. संरक्षण मंत्रालयाच्या अधिकृत निवेदनातले आहे. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्हींची हमी एका दमात देणारा अधिकारी विरळाच. त्यातल्या भविष्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण 'नव्हता' या शब्दापाशी मला थांबावेच लागते. मुक्काम नव्हता, तर दप्तरे अडकवायच्या खुंट्यांवर लोखंडी टोप कोणाचे होते? प्रयोगशाळेतल्या मोठ्या चंचुपात्रात दाढीचे पाणी कोण तापवत होते? गच्चीवर वाळूची पोती रचून, त्यांच्या आडून दुर्बिणीने समोरचा डोंगर कोण न्याहाळत होते? भूगोलाच्या बाई नक्कीच नव्हेत. त्यांचे गुडघे त्यांना पहिल्या मजल्यापर्यंतही नेत नसत.

मी एक जुनी घंटा आहे. काशाची, आणि शाळेची. माझ्या बोलण्यात थोडी विद्वत्ता डोकावली तर क्षमा करा. वर्षानुवर्षे व्हरांड्यात टांगून राहिल्यावर सगळ्या वर्गांतले सगळे कानांवर पडते. मुले सुटतात, घंटा सुटत नाही.

माझा जन्म एका ओतारी आजोबांच्या भट्टीत झाला. गावात शाळा बांधून झाली, पण घंटेचे कोणाच्या लक्षातच राहिले नव्हते. मग घरोघरची तडे गेलेली भांडी गोळा झाली. कोणी वाटी दिली, कोणी तांब्या दिला, आणि एका आजीबाईंनी नवऱ्याशी भांडताना आपटलेले ताट दिले. माझ्या आवाजात जरा खणखणीतपणा आहे तो त्या ताटाचा, असे ओतारी आजोबा म्हणत. माझ्या काठावर त्यांनी अक्षरे उमटवली: 'मुलांच्या शाळेला, गावाकडून'.

मित्रांनो, ती वर्षे सुखाची होती. शिपाईमामा मला वाजवत. सकाळच्या घंटेला मुले रेंगाळत येत, सुटीच्या घंटेला वाऱ्यासारखी पळत. एकाच आवाजाचे हे दोन परिणाम पाहून मला स्वतःविषयी फारसा गर्व उरला नाही. शाळेच्या मोठ्या बाई मात्र माझे कौतुक करीत. "या शाळेत वेळेवर फक्त ही येते," असे त्या शिक्षकांच्या खोलीकडे पाहून म्हणत.

मग डोंगरापलीकडे युद्ध सुरू झाले आणि एका दुपारी सैन्याची तुकडी शाळेत आली. जवान वाईट नव्हते. बरेचसे तर नुकतेच शाळा सोडून आलेले होते; मी वाजले की सवयीने उभे राहत. त्यांना वरचे दोन मजले मिळाले, मुलांना खालच्या दोन खोल्या. सैन्याचा नियम असा, की ताब्यात आलेल्या प्रत्येक वस्तूवर क्रमांक घालायचा. फळ्यांवर घातला, बाकांवर घातला, पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर घातला. मला हिरवा रंग फासून माझ्या पोटावर पांढरा क्रमांक रंगवला. ओतारी आजोबांची अक्षरे रंगाखाली गेली. पुढे तुकडीने विजेचा भोंगा आणला, आणि मला काढून मागच्या भिंतीशी भंगारात टाकले.

युद्धालाही कायदे असतात, हे मी इतिहासाच्या तासाला ऐकले होते. शाळेवर हल्ला करू नये, हा त्यांतला एक. पण गच्चीवर बंदूक गेली, की समोरचा म्हणतो, ही शाळा कसली, हे तर ठाणे! एका सुटीच्या दिवशी मैदानात तोफगोळा पडला. सुटी होती, म्हणून फक्त उंच उडीचा खड्डा अधिक खोल झाला. दुसऱ्या दिवशी निम्म्या घरांनी मुले पाठवली नाहीत. त्यांत टिंबू होती. दुसरीतली, बुटकी, खेळात सगळ्यांची लिंबूटिंबू, आणि एकदा तरी मला वाजवायला मिळावे म्हणून मामांच्या मागे लागणारी.

टिंबूच्या थोरल्या बहिणीला सगळे वकील म्हणत, कारण ती मीठ मागतानाही मुद्दे मांडी. ती राजधानीत मावशीकडे राहून कॉलेजात शिकत होती. सुटीत घरी आली तेव्हा टिंबू दारात दप्तर पाठीला लावून बसलेली दिसली.

"कुठं निघालीस गं?"

"कुठं नाही. आई शाळेत जाऊ देत नाही. म्हणून इथंच बसते, दप्तर लावून."

वकीलबाईंनी एकही मुद्दा न मांडता टिंबूचे कपडे पिशवीत भरले. असे प्रथमच घडले.

ती टिंबूला घेऊन राजधानीला निघाली, तेव्हा मामांनी मला भंगारातून उचलून तिच्या पिशवीत घातले. "ने हिला. इथं गंजतेय बिचारी." कासे गंजत नाही, काळवंडते, पण मामांच्या मायेपुढे रसायनशास्त्राने गप्प बसावे हेच योग्य.

वकील आणि तिच्या कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींनी सरकारकडे एकच मागणी केली: सैन्याने शाळा रिकाम्या कराव्यात आणि पुन्हा शाळेत शिरू नये, असा नियम करा. मंत्रालयाने उत्तरादाखल ते तीन काळांचे वाक्य पाठवले आणि खाली जोडले, की जे नाही ते हटवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मुलांनी छायाचित्रे दाखवली. प्रवक्ते म्हणाले, हे गणवेशधारी शाळेच्या नाटकातले कलाकार असावेत. गच्चीवरच्या बंदुकीचे काय, असे विचारल्यावर म्हणाले, नेपथ्य उत्तम आहे.

तेव्हा मुलांनी मंत्रालयासमोरच्या पदपथावर शाळा भरवली.

माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा काळ तो! झाडाच्या फांदीला मला टांगले. वाजवण्याचे काम अर्थातच टिंबूकडे. त्यासाठी तिला खोक्यावर चढावे लागे. युद्धामुळे शाळा सुटलेली, राजधानीत नातेवाइकांकडे आलेली मुले एकेक करून जमू लागली. कॉलेजची मुले शिकवत. गणिताचा तास चालू असताना येणारेजाणारे थांबून उत्तरे सांगत आणि बहुधा चुकीची सांगत.

"वकील, तुझाच आवाज एवढा मोठा आहे, ही घंटा कशाला आणलीस?" तिच्या मित्राने विचारले.

"मी दमते. ती दमत नाही."

"मग तासाभरासाठी तिलाच शिकवू दे ना. निदान उदाहरणं तरी देणार नाही."

खरी गंमत रस्त्यापलीकडे झाली. मंत्रालयातले सगळे कर्मचारी कधी ना कधी शाळेत गेलेले होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला ऐकून खिडक्या लावल्या. दुसऱ्या आठवड्यात मधल्या सुटीच्या घंटेला डबे उघडू लागले. तिसऱ्या आठवड्यात मी शाळा सुटल्याची घंटा दिली, आणि मंत्रालयाच्या पायऱ्यांवरून बॅगा घेतलेले लोक भरभर उतरू लागले. अर्ध्या वाटेवर आल्यावर त्यांना आठवले, की आपण पन्नाशीचे आहोत. काही परत गेले. काही गेले नाहीत.

सचिव खिडकीतून पाहत होते. स्वतः त्यांनीही टेबलावरची पेने आवरून ठेवली होती, असे त्यांच्या शिपायाने नंतर सांगितले. राग अनावर व्हायला एवढे पुरे झाले.

आवाजाची तक्रार टिकेना, कारण रस्त्यावरच्या वाहनांपुढे मी अगदीच सौम्य. तेव्हा सचिव स्वतः खाली आले. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्या पोटावरचा पांढरा क्रमांक पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"ही तर सैन्याची मालमत्ता आहे."

"आजोबा, ती आमची आहे," टिंबू खोक्यावरून म्हणाली.

"मी आजोबा नाही."

"मग काका, ती आमची आहे."

मित्रांनो, इथे सरकारी स्वभावाचा एक नियम सांगते, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. सैन्य नाकारता येते. सामान नाकारता येत नाही. माणसे कुठे होती याचा विसर चालतो, पण क्रमांक घातलेली घंटा कुठे गेली याचा जाब द्यावाच लागतो. सचिवांनी मुलांवर सैनिकी मालाच्या चोरीची तक्रार केली. मागणीवर सुनावणी मिळावी म्हणून मुलांनी किती खेटे घातले होते. ती मिळाली नव्हती. चोरीच्या आरोपावर मात्र ती लगेच मिळाली. संसदेच्या समितीने दोन्ही बाजूंना बोलावले. वार्ताहरही आले. मुद्देमाल म्हणून मला मखमली कापडावर ठेवले होते. इतका मान मला शाळेतही मिळाला नव्हता.

वकील मावशीला सोबत घेऊन आली होती. आरोप सिद्ध झाला असता तर तिचे कॉलेज गेले असते, पदपथावरची शाळा गेली असती आणि टिंबू पुन्हा दारात दप्तर लावून बसली असती. "मावशी, मी काय बोलू?" तिने हळूच विचारले.

"आज कमी बोल," मावशी म्हणाली. "त्यांना बोलू दे. त्यांना आवडतं."

समितीच्या अध्यक्षबाई वयस्कर होत्या आणि त्यांना घाई नव्हती.

"ही घंटा सैन्याची कशावरून?"

"क्रमांकावरून," सचिव म्हणाले. "आमच्याकडे क्रमांकाशिवाय एक खिळासुद्धा नसतो. ही शिस्त आहे."

वकील उभी राहिली. एरवी तिने निदान पाच मुद्दे मांडले असते. आज तिने नखाने माझ्या काठावरचा हिरवा रंग खरवडला आणि खाली बसली. रंगाखालून ओतारी आजोबांची अक्षरे वर आली. अध्यक्षबाईंनी ती मोठ्याने वाचली: "मुलांच्या शाळेला, गावाकडून."

सचिवांचा चेहरा लालबुंद झाला. शिस्तीवर शंका घेतलेली त्यांना मुळीच खपत नसे. "काठावर काहीही लिहिलेलं असो, ती आमच्या ताब्यातली आहे आणि ती चोरीला गेली आहे!"

"कुठून?" अध्यक्षबाईंनी विचारले.

सचिवांनी उत्तर दिले. ठणठणीत आवाजात, टिपणे घेणाऱ्याकडे वळून, एकही शब्द सुटू नये म्हणून सावकाश. उत्तर संपल्यावर शेजारी बसलेल्या प्रवक्त्यांनी डोळे मिटले. मग टिंबूने मखमलीवरून मला दोन्ही हातांनी उचलले आणि वाजवले. असे करण्यास परवानगी नव्हती. अध्यक्षबाई हसू दाबत म्हणाल्या, "मधली सुटी."

नियम झाला. त्याच नियमाखाली आमच्या शाळेतली तुकडी गेली. जाताना जवानांनी फळे पुसले, बाक जागेवर लावले, आणि एकाने उंच उडीचा खड्डा वाळूने भरून दिला. मामांनी माझा हिरवा रंग काढला. पांढरा क्रमांक मात्र मोठ्या बाईंनी मुद्दाम ठेवायला सांगितला. टिंबू आता तिसरीत आहे आणि मला वाजवायला तिला खोके लागत नाही, असे ती म्हणते. लागते.

मित्रांनो, जाता जाता एवढेच मागणे. आमच्यासारख्या घंटांना घासूनपुसून कपाटात ठेवू नका. वाजवा, आणि मुलांच्या हातांनी वाजवा. ज्या शाळांत अजून बूट वाजताहेत, त्यांच्या घंटा बोलू शकत नाहीत. त्यांच्या वतीने तुम्ही विचारा. प्रश्न मोठा असावा लागत नाही. 'कुठून?' एवढाही पुरतो, कारण त्या प्रश्नाला मिळालेले उत्तर समितीच्या कामकाजात असे नोंदले आहे:

"कुठून म्हणजे काय, अध्यक्षबाई? शाळेतून! आमची तुकडी त्या शाळेत मुक्कामाला आली त्या दिवसापासून ही घंटा तिथेच, व्हरांड्यात, आमच्या पहाऱ्याखाली होती."